आर्नोच्या काठावरचा मे महिना

मी राहणारा पिंपळगाव रेणुकाईचा. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आमचं गाव आहे. गावाचं नाव काढलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, एक रेणुकाई आणि दुसरी हिरवी मिरची. मिरचीच्या हंगामात आमच्या बाजारात संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात मात्र शिवारात वेगळीच धांदल असते. ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, मल्चिंगचा कागद ताणायचा, रोपं लावायची आणि आभाळाकडे बघत बसायचं. अशा ऐन मे महिन्यात मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक निवृत्त शिक्षक, काही वर्षांपूर्वी इटलीतल्या फ्लॉरेन्स या शहरी गेलो. कशासाठी, तर गाणंबजावणं ऐकायला.

माझी पुतणी नोकरीनिमित्त तिकडे होती. तिचा फोन आला, "काका, तुम्ही आयुष्यभर पेटी वाजवलीत. एकदा इथला संगीत महोत्सव ऐका." बाजारात ही बातमी पसरली तेव्हा एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं मला थांबवून विचारलं, "गुरुजी, गाणं ऐकायला इतक्या लांब? अन् तेबी न समजणारं? पिंपळगावच्या माणसाचं तिकडं काय काम?"

प्रश्न चोख होता. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज त्याचं उत्तर देतो, जरा सविस्तर.

पहिली गोष्ट अशी की आमच्या तालुक्याची इटलीला वर्दी मी काही पहिल्यांदा दिलेली नाही. आमचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर ज्या दात्यांची नावं कोरली आहेत, त्यांत या भोगवर्धनचे लोक आहेत. १९३८ साली इटलीतल्या पाँपेई इथं उत्खनन चालू असताना एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्यापूर्वीच तिथं पोचलेली होती. पुढे १९७० च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुटका भाग मिळाला. त्यावरून पाँपेईची ती मूर्ती आपल्याच भागात घडली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेव्हा आमच्या तालुक्यातली माणसं नाही तरी त्यांच्या हातचं काम दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलं असण्याची पुष्कळच शक्यता आहे.

मे महिन्याचं गाणं

फ्लॉरेन्सच्या महोत्सवाचं नाव 'माज्जो म्युझिकाले फियोरेंतिनो'. अर्थ सरळ आहे, फ्लॉरेन्सचा संगीतमय मे. त्या मुलखात, म्हणजे तोस्काना प्रांतात, मे महिन्याच्या आरंभी दारोदार गाणी म्हणत फिरायची जुनी चाल होती. थंडी सरली, झाडांना पालवी फुटली, म्हणून तो आनंद. आपल्याकडे पहाटे वासुदेव यायचा, तशीच ही दारावर येणारी गाणी. त्या लोकरीतीतला मे महिना या महोत्सवाच्या नावात आला.

महोत्सव सुरू झाला १९३३ साली. त्यामागे व्हित्तोरियो ग्वी नावाचे संगीत संचालक होते. त्यांनी आधी, १९२८ मध्ये, शहराचा कायमस्वरूपी वाद्यवृंद उभा केला आणि मग हा महोत्सव. पहिल्या वर्षी पडदा उघडला तो व्हेर्दीच्या 'नाबुक्को' या संगीतिकेनं. सुरुवातीला तीन वर्षांनी एकदा भरवायचा असं ठरलं होतं, पण काही वर्षांतच तो दरवर्षी होऊ लागला.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९३३ म्हणजे मुसोलिनीचा काळ. फॅसिस्ट पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी या महोत्सवाला हातभार लावला. राजवटीला जगापुढे मिरवायला काहीतरी हवंच होतं. राजाश्रय आणि संगीत यांचं नातं नेहमीच असं गुंतागुंतीचं असतं. मैफलीचा खर्च कोण करतो हे विचारावं, पण त्या एका उत्तरावर मैफलीची किंमत ठरवू नये. ती राजवट गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं फ्लॉरेन्समधले आर्नो नदीवरचे पूल उडवले, एक जुना पोंते व्हेक्कियो तेवढा सोडला. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात अर्धं शहर चिखलात बुडालं, ग्रंथालयं आणि चित्रं नासली. या सगळ्यातून महोत्सव टिकला. पन्नाशीच्या दशकात याच महोत्सवात मारिया कॅलास गायली. पुढे रिकार्दो मुती इथं प्रमुख संचालक होते. अलीकडच्या काळात पैशांची चणचणही त्यानं पाहिली, प्रशासक नेमण्याची वेळही आली. आपल्या गावचा सप्ताह कधी दुष्काळानं बारगळतो, कधी गटबाजीनं, आणि तरी दोनचार माणसं पुढच्या वर्षी वर्गणीचं पुस्तक घेऊन निघतातच. तसंच हे.

चुकलेली टाळी

महोत्सवाचं नवं नाट्यगृह २०११ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उघडलं. बाहेरून चौकोनी, साधं, किल्ल्यासारखं. आम्हाला वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं मिळाली. खाली ऐंशीएक वादक बसलेले. ध्वनिक्षेपक कुठंच नाही. सुरुवातीला 'ओबो' नावाच्या सुषिर वाद्यानं एक स्वर धरला आणि मग एकेक करत सगळ्यांनी आपापली वाद्यं त्या स्वराला मिळवून घेतली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपले गवई तंबोरा जुळवताना जो वेळ घेतात, तो अनेकांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या लेखी मैफल तिथंच सुरू होते. इथंही तेच होतं.

बीथोवनची सातवी सिंफनी होती. पहिला भाग संपला. छाती भरून आली होती. माझ्या हातून खाडकन टाळी गेली. दोन हजारांच्या जवळपास माणसं आणि एकच टाळी! मंडळी, तशी शांतता मी शाळेत इन्स्पेक्टर आले तेव्हाही अनुभवली नव्हती. पुतणीनं माझा हात धरला. पलीकडच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, ते माझ्याकडे बघून हसले आणि डोळे मिचकावले.

चारही भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हा तिथला दंडक. मला ते फार जड गेलं. आपल्याकडे समेवर 'वा' आली नाही तर गवयाला वाटतं, श्रोते झोपले. दाद हा मैफलीचाच भाग. म्हणून परत आल्यावर मी शोधाशोध केली, आणि काय निघालं ऐका. ही सिंफनी व्हिएन्नामध्ये ८ डिसेंबर १८१३ रोजी पहिल्यांदा सादर झाली. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता. तिचा दुसरा भाग लोकांना इतका भावला की तो तिथल्या तिथं पुन्हा वाजवावा लागला. म्हणजे बीथोवनच्या काळी लोक मधे दाद देत, 'वन्स मोअर' घेत. आपल्या संगीत नाटकात व्हायचं, अगदी तसं. ही मौनाची शिस्त नंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू आलेली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण बीथोवन असता तर त्याला माझी टाळी खटकली नसती, एवढं समाधान मी करून घेतलं.

गाऊन सांगितलेलं नाटक

फ्लॉरेन्सला नुसता महोत्सव नाही, तिथं संगीताचं मूळ घर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काउंट बार्दी यांच्या वाड्यात काही विद्वान, कवी आणि गवई जमत. त्यांत एक होते विन्चेन्झो गॅलिली, दुर्बिणीनं आकाश पाहणाऱ्या गॅलिलिओचे वडील. स्वतः ल्यूट वाजवायचे. या मंडळींचं म्हणणं असं की प्राचीन ग्रीकांची नाटकं गाऊन सादर होत असली पाहिजेत, मग आपणही तसं करून पाहू. त्या विचारातून जाकोपो पेरी यांनी संगीत दिलेलं 'दाफ्ने' हे नाटक १५९८ च्या सुमारास झालं. त्याचं संगीत बहुतेक हरवलं. पुढचं 'युरिडिची' मात्र टिकलं. ते ६ ऑक्टोबर १६०० रोजी तिथल्या पित्ती राजवाड्यात, मेदिची घराण्यातल्या मारियाच्या फ्रान्सच्या राजाशी झालेल्या लग्नाच्या निमित्तानं झालं. ऑपेरा या प्रकाराचा जन्म तो हाच.

आपल्याकडे असाच प्रसंग ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात घडला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. दोन्हीकडे माणसं प्राचीन नाटकाकडे वळली आणि हाती आलं ते एकदम नवं काहीतरी. फरक असा की ऑपेरात साधा निरोपसुद्धा गाऊन सांगतात, आणि आपलं पात्र गद्यात बोलता बोलता पद सुरू करतं. दोन्हींना नावं ठेवणारे एकच वाक्य बोलतात, "मरताना कुणी गातं का?" मी म्हणतो, न गाता तरी कोण नीट मरतं?

याच शहरात आणखी एक शोध लागला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचे कारागीर १६८८ मध्ये पादुआहून इथं आले, मेदिची राजपुत्र फेर्दिनांदो यांच्या पदरी राहिले. त्या काळच्या बहुतेक पट्टीच्या वाद्यांत स्वर लहानमोठा करायची सोय नव्हती. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. क्रिस्तोफोरींनी तारेवर लहानशी हातोडी आदळून लगेच मागे येईल अशी रचना केली. हात हलका तर सूर हलका, हात भारी तर सूर भारी. १७०० सालच्या राजवाड्यातल्या वाद्यांच्या यादीत त्याची नोंद आहे. तोच पियानो. त्यांनी केलेले तीन पियानो आजही शिल्लक आहेत, न्यू यॉर्क, रोम आणि लाइपझिग इथं.

आमची पेटी

पट्टीचा विषय निघाला की मला माझे वडील आठवतात. ते शेतकरी. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. काळी पाच ही त्यांची पट्टी. शिकवायला कुणी नव्हतं. पंढरीच्या वाटेवर दिंडीतल्या एका पेटीवाल्याच्या बोटांकडे बघून ते शिकले. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे माणसं बसत. गाण्याचा कार्यक्रम लागला की वडील कान देऊन ऐकत आणि नेहमी एकच विचारत, "सारंगी हाय, तबला हाय, पण ह्यात पेटी कशी न्हाई?"

त्याचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही, कारण गावात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आज याच माध्यमावरून ते सांगतो. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ती तीस वर्षांवर टिकली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी शिथिल झाली, तीही हळूहळू, अटी घालून.

बंदीमागे विचार नव्हता असं नाही. हार्मोनियम पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४० च्या सुमारास पेटंट घेऊन नावारूपाला आणली. पायानं भाता मारायची ती पेटी पाद्री आणि साहेबांबरोबर हिंदुस्थानात आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी ती हातानं भाता मारता येईल अशी केली, आणि मांडी घालून बसणाऱ्या देशात ती घरोघर गेली. पण तिच्यातले सूर ठोकून बसवलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची मींड तिच्यात नाही. दरबारीचा गंधार जसा झोके घेत लागतो, तसा तिच्यातून काढता येत नाही. म्हणून रवींद्रनाथ ठाकूरांसारख्यांचा तिला विरोध होता. आणि गंमत अशी की रेडिओवर तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकारही होते. एका युरोपियनानं हिंदुस्थानी संगीताच्या शुद्धतेसाठी एका युरोपीय वाद्याला परकं ठरवलं!

त्यांचा मुद्दा शास्त्राच्या बाजूनं बराचसा खरा होता. पण तोवर त्या परक्या पेटीनं वारीची वाट चालली होती. देवळात काकड्याला ती होती, तमाशाच्या फडात होती, कीर्तनात बुवांच्या मागे होती. आमच्या वडिलांना ती पॅरिसची असल्याचं कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

आणि या वाद्याला शास्त्रीय मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत एक मोठं नाव आमच्याच जिल्ह्याचं, अप्पा जळगावकर. १९२२ साली जालन्याकडचा त्यांचा जन्म. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर अशा गायकांना त्यांनी साथ केली. प्रत्येकाची चाल वेगळी, लय वेगळी, राग धरायची आणि रागावायची तऱ्हाही वेगळी. अप्पांची पेटी गायकाच्या पुढे जात नसे आणि मागेही राहत नसे. जी मींड वाद्यात नाही, तिचा भास ते बोटांच्या हलक्या दाबानं आणि भात्याच्या श्वासानं करून देत. २००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २००९ मध्ये ते पुण्यात गेले. वाद्य आपलं की परकं, या वादाला अप्पांनी बोटांनी उत्तर दिलं. बोलून उत्तर देणारे पुष्कळ होते.

मुंबईचा मुलगा

फ्लॉरेन्समधली गंमत पुढेच आहे. १९८५ पासून २०१७ पर्यंत, बत्तीस वर्षं, या महोत्सवाचे प्रमुख संचालक होते झुबिन मेहता. जन्म मुंबईचा, १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. घरच्यांना वाटे मुलानं डॉक्टर व्हावं. मुलगा १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला संगीत शिकायला गेला. पुढे जगभरचे वाद्यवृंद त्यांच्या छडीच्या इशाऱ्यावर वाजले. १९९८ मध्ये तर फ्लॉरेन्सच्या याच मंडळींना घेऊन ते बीजिंगला गेले आणि चीनच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात 'तुरांदोत' ही चिनी राजकन्येची इटालियन संगीतिका सादर झाली, चिनी दिग्दर्शक झांग यिमौ यांच्या दिग्दर्शनाखाली. नाट्यगृहातल्या दुसऱ्या, २०२१ मध्ये उघडलेल्या सभागृहाला मेहतांचं नाव दिलं आहे.

फ्लॉरेन्सच्या लोकांनी, ज्यांच्या गावात ऑपेरा जन्मला, त्यांनी आपला वाद्यवृंद मुंबईच्या पारशी माणसाच्या हाती दिला आणि बत्तीस वर्षं दिला. "हा बाहेरचा" असं म्हणणारे तिथंही असतीलच. पण त्यांचं चाललं नाही.

कोल्हापूरचा राजा

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी पुतणी म्हणाली, "काका, आता तुम्हाला आपल्या माणसाकडे नेते." नाट्यगृहाच्या शेजारीच एक प्रचंड उद्यान सुरू होतं. नाव 'काशीने'. मी ते ऐकून चपापलो. अर्थ निराळा आहे, पूर्वी तिथं राजघराण्याची शेती आणि गाईगुरांचे गोठे होते त्यावरून ते नाव पडलं. आर्नोच्या कडेकडेनं आम्ही तासभर चाललो. उद्यान जिथं संपतं, तिथं मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजघराण्यांच्या असतात तशीच, कोरीव खांबांची. छत्रीखाली एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. डोक्याला पागोटं, अंगावर दागिने.

ते कोल्हापूरचे राजाराम महाराज. वय वर्षं वीस.

१८५० चा त्यांचा जन्म. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. इंग्रजी शिकले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं असं मानायच्या त्या दिवसांत, १८७० साली ते विलायतेला निघाले. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीला भेटले, तिथल्या संस्था पाहिल्या. रोजची हकिगत ते इंग्रजीत लिहून ठेवत. ती दैनंदिनी त्यांच्या पश्चात, १८७२ मध्ये, त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी लंडनला छापली. परत येताना जर्मनी आणि ऑस्ट्रिया करून ते इटलीत आले, वाटेत आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला त्यांचा अंत झाला.

आता विचार करा. डिसेंबरची थंडी तोंडावर आलेली. हजारो मैलांवर घर. बरोबर मूठभर माणसं. आणि देश असा की जिथं मृताला दहन करणं ही रीतच नाही. चर्चचा तर त्याला विरोधच. आधुनिक इटलीतलं पहिलं रीतसर दहन मिलानला झालं ते १८७६ मध्ये, म्हणजे अजून सहा वर्षं पुढे. महाराजांच्या माणसांनी मागणी केली की आमच्या धर्माप्रमाणे दहन झालं पाहिजे, तेही नदीच्या संगमावर. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी खल केला आणि परवानगी दिली. शहराबाहेर, रात्रीच्या वेळी, या दोन नद्यांच्या संगमावर चिता पेटली. गावचे लोक ते अनोळखी विधी पाहायला थंडीत उभे होते.

१८७४ मध्ये तिथं ही छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आखला. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, जवळच एक मोठा पूल झाला. त्या पुलाला लोक 'पोंते आल इंडियानो' म्हणतात, हिंदी माणसाचा पूल. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात, आणि तो हिंदी माणूस कोण हे बहुतेकांना माहीत नसतं. खरं सांगू? मलाही नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. राजाराम म्हटलं की मी शिवछत्रपतींच्या धाकट्या पुत्राची इयत्ता चौथीची गोष्ट सांगायचो. कोल्हापूरचा हा वीस वर्षांचा पोरगा माझ्या एकाही धड्यात नव्हता.

पुतणीनं पिशवीतून दोन फुलं काढून छत्रीच्या पायरीवर ठेवली. मी काय करावं ते सुचेना. मग तिथंच बसून हलक्या आवाजात भैरवी गुणगुणलो. समोरून सायकलवरून एक बाई गेली, तिनं वळून पाहिलं आणि मान लववली. तिला वाटलं असेल, मी त्यांच्या घरचाच कुणी आहे.

भैरवी सुचायला कारण होतं. त्याच कोल्हापुरात पुढे शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. खाँसाहेब आले राजपुतान्याकडून, धर्मानं मुसलमान, आणि अंबाबाईच्या गावात त्यांचं घराणं रुजलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी बसवली आहे. तिच्यात बीथोवन आहे आणि केसरबाईंची भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आदल्या रात्री ज्याच्यापायी माझी टाळी चुकली, तो बीथोवन आणि आपली भैरवी एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या बाहेर निघाले आहेत.

व्यापाऱ्याला उत्तर

आता त्या मिरचीच्या व्यापाऱ्याचं उत्तर. त्याला मी परत आल्यावर म्हणालो, "भाऊ, मिरची कुठली? आपली ना?" तो म्हणाला, "म्हंजी काय, पिंपळगावचीच." मी म्हटलं, "मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी आणली, चारपाचशे वर्षांमागं. त्याआधी आपल्या आमटीत मिरी होती." त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नाही. पण त्यानं माझी वर्गणी घेताना विचारलं, "मंग तिकडली टाळी कशी असती, ते सांगा."

वडिलांची पेटी माझ्या घरी कपाटावर होती. भात्याला भोकं, तीनचार सूर मुके. गावात आता सप्ताहाला कीबोर्ड येतो. एका खटक्यात तबला, एका खटक्यात बासरी. तरण्या पोरांना पेटी जड आणि जुनाट वाटते. मी त्यांना दोष देत नाही. वडिलांच्या काळी पेटीही कीबोर्डासारखीच परकी होती, आणि शुद्धतेच्या नावाखाली ती बाहेर ठेवणाऱ्यांचं पुढे काय झालं ते आपण पाहिलं. पण एक गोष्ट त्यांना सांगावीशी वाटते. फ्लॉरेन्सच्या त्या रात्री ऐंशी माणसांनी आधी एक सूर शांतपणे जुळवून घेतला होता. वाद्य कुठलंही वाजवा, तेवढं जुळवून घेणं सोडू नका.

पेटी मी जालन्याला नेऊन दुरुस्त करून आणली. यंदाच्या सप्ताहात काकड्याला मी ती घेऊन बसलो. कीबोर्ड वाजवणारं पोरगं शेजारी होतं. पहिला अभंग झाला तेव्हा ते म्हणालं, "गुरुजी, तुमची काळी पाच माझ्यापेक्षा खाली बोलतीय." मी म्हटलं, "हिचे सूर ठोकून बसवलेत, बाबा, ही हलायची नाही. तुझ्या यंत्रात खटका आहे ना, तूच ये खाली." त्यानं दोनतीन बटणं दाबली, कान लावला, पुन्हा दाबली. विणेकरी थांबले, टाळकरी थांबले. सूर मिळाला तेव्हा मागून कुणीतरी 'वा' म्हणालं.

 

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)